ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टचं सील किट, चार महिने वापरून मग लिहितोय

किट हातात पडलं की लगेच पाच स्टार देणारे लय आहेत. निम्मे रिव्ह्यू तर "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेवर" असलेच, अहो खोक्याचं काय घेऊन बसलात, आतली ओरिंग, म्हणजे गोल रबरी सील, लोड धरते का ते सांगा की. म्हणून मी मुद्दाम थांबलो, सोयाबीनची पेरणी झाली, आता कांद्याच्या रानाला रोटर, म्हणजे रोटाव्हेटर, फिरवून झाला, मग लिहायला बसलो.

आमचा ट्रॅक्टर ३५ एचपीचा, जुना. पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलात बुडालेला आणि पीटीओच्या (मागच्या अवजाराला ताकद देणाऱ्या) शाफ्टवर चालणारा, म्हणजे जुनी फर्ग्युसन पद्धत. ज्यांचा पंप बाहेर इंजिनजवळ आहे त्यांच्याकडं खोलाखोली वेगळी, पण पिस्टन आणि ओरिंगचं गणित सगळीकडं तेच.

दुखणं असं होतं की रोटाव्हेटर उचलून बांधावर वळलं की मागं हळूहळू खाली यायचा. लीव्हर वरच, तरी खाली. सकाळी ऑइल गार असताना बरं चालायचं, दुपारी ऑइल तापून पातळ झालं की बघायलाच नको. आणि इंजिन चालू असताना लिफ्ट सारखी मान डोलवायची, नंदीबैलासारखी. जरा खाली सरकली की व्हॉल्व्ह उघडतो, पंप परत उचलतो, परत सरकते, असं चक्र चालू राहतं. इंजिन बंद केलं की दोन मिनिटांत रोटर जमिनीला.

गावातल्या मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला पंप गेला, नवीन टाका. आबा म्हणाले, "आरं पंप गेला आसता तर उचललाच नसता, उचलतोय तर खरं, नुसता धरत नाय." मला ते पटलं. हे किट घेणाऱ्यांनी इथंच थांबून विचार करा बरं का. लिफ्ट मुळात उचलतच नसेल तर सील किट मागवून उपयोग नाही, तिथं गाळणी चोंदलेली असते, पंप थकलेला असतो नाहीतर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) आधीच सुटत असतो. उचलते पण टिकत नाही, अशा लिफ्टचं औषध म्हणजे हे किट, आणि तेही गळती पिस्टनला किंवा पाइपच्या ओरिंगला असेल तरच. व्हॉल्व्हमधून गळत असेल तर किटचे पैसे पाण्यात.

ते बघायचं कसं तर आधी झाकणाच्या खालपर्यंत ऑइल काढलं, मग ऑइल बघायची काडी असते त्या बाजूचं झाकण उघडलं. रोटर पूर्ण वर उचलला, इंजिन बंद केलं आणि बॅटरी मारून बाजूनं आत बघितलं. सिलेंडरच्या तोंडातून ऑइलची धार लागलेली, अगदी चुलीवरची कढई कलंडावी तशी. म्हणजे पिस्टनचं सील. वरच्या पाइपाच्या बुडाशी गळत असतं तर लिफ्टचं वरचं कव्हर न उतरवताच भागलं असतं. हे बघताना इंजिन चालू असेल तर आत बोट घालू नका, शाफ्ट फिरत असतो, आणि रोटर वर टांगलेला असताना त्याच्या खाली कोणी जाऊ नका, आपण बघतोयच मुळी तो पडतो का ते.

आता किट. हे माझं दुसरं किट आहे. पहिलं तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून घेतलं होतं, ३२० रुपये, प्लास्टिकच्या पिशवीत, वर ना नाव ना नंबर. ओरिंगला आधार देणारी कडक बॅकअप रिंग त्यात नव्हतीच, दुकानदार म्हणाला जुनीच बसवा, काय होत नाय. ओरिंग नखानं दाबली तर खूण राहायची. बसवली, अकरा दिवस चालली आणि परत नंदीबैल सुरू. खोलून बघतो तर ओरिंगची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. हे ऑनलाइन मागवलेलं ७८० रुपयांचं, म्हणजे दुपटीच्या वर, पण रबर टणक आणि लवचिक, जुन्या रिंगेशेजारी धरली तर जाडी तंतोतंत, पिस्टनच्या खाचेत हलत नव्हती. टेफ्लॉनची बॅकअप रिंग आहे, लिफ्ट शाफ्टच्या दोन्ही बाजूच्या ओरिंगा आहेत, पाइपच्या आहेत, कव्हरचं कागदी पॅकिंग आहे. एक स्टार मात्र इथंच कापतो, सोबत साधा कागद नाही, कुठली रिंग कुठं हे लिहिलेलंच नाही. ७८० घेता तर एक चित्र छापायला काय जातंय.

बॅकअप रिंग कुठल्या बाजूला, यात लय जण चुकतात, पहिल्या वेळी जुनी रिंग बसवताना मी पण चुकलो होतो. तिचं काम एवढंच की प्रेशरनं ओरिंग पिस्टन आणि सिलेंडरमधल्या फटीत घुसू नये. मग ती प्रेशरच्या उलट बाजूला पाहिजे. सिलेंडरच्या बंद तोंडाकडं ऑइल दाबतं, म्हणून त्या बाजूला ओरिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या बाजूला बॅकअप. उलटं बसवलं की ओरिंग कुरतडणारच, म्हणजे पहिल्या किटच्या मरणात माझाही थोडा हात होता हे कबूल करतो, सगळं पाप दुकानदाराच्या माथी मारत नाही.

कव्हर उतरवणं हे या कामातलं खरं दुखणं. अवजार सोडायचं, लीव्हर खाली करून लिफ्टमधलं प्रेशर शून्य करायचं, सीट काढायची, लिफ्टच्या हातांचे रॉड सोडायचे, वरचा पाइप, मग बोल्ट. कव्हर सिलेंडरसकट वर येतं आणि जड आहे, एकट्यानं पहारीनं उचकटायच्या भानगडीत पडू नका. आम्ही लिंबाच्या फांदीला चेन कप्पी बांधली, चुलतभाऊ ओढत होता आणि मी धरत होतो, आणि बायको पडवीतून विचारत होती की शोरूमला फोन लावू का.

पिस्टन निघेना तर एकानं सुचवलं कंप्रेसरची हवा मार. मारू नका. तो पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो, समोर माणूस असला तर काय होईल सांगायला नको. लाकडाच्या दांड्यानं हळूहळू ठोकून निघतो. मग सिलेंडरच्या आत नख फिरवायचं, नख कुठं अडकलं तर तिथं ओरखडा आहे आणि कितीही भारी सील घाला, टिकणार नाही. आमचा गुळगुळीत निघाला, नशीब. बॅकअप रिंग कडक असते, ती गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवली की बसते, स्क्रूड्रायव्हरनं खेचायची नाही. ओरिंग ऑइलात बुडवूनच घालायची, कोरडी घातली तर सिलेंडरच्या कडेला तिथंच कापते.

कव्हर परत बसवताना आतून खाली येणारा लीव्हर पंपाच्या व्हॉल्व्हच्या रोलरला नीट लागला पाहिजे. आमचा पहिल्यांदा लागला नाही. सगळे बोल्ट आवळले, ऑइल भरलं, स्टार्ट केला, लीव्हर वरखाली, लिफ्ट ढिम्म. माझा तर चेहराच उतरला. बाजूच्या झाकणातून बघितलं तर लीव्हर रोलरच्या शेजारी नुसता हवेत लोंबकळत होता. परत ऑइल काढा, परत कव्हर उचला. हे किटमधल्या त्या न छापलेल्या कागदावर असतं तर अर्धा दिवस वाचला असता, म्हणून म्हणतो एक स्टार कापला तो बरोबरच आहे.

ऑइलचं पण बघा. आमचं जुनं ऑइल काढलं तर ताकासारखं पांढरं, म्हणजे पाणी गेलेलं. गिअर लीव्हरचं रबर फाटलेलं आणि ट्रॅक्टर पावसात उघड्यावर, दुसरं काय होणार. ३० लिटरच्या आसपास नवीन ऑइल लागलं, किटच्या कितीतरी पट पैसे तिथंच गेले, पण जुनंच परत ओतून नवीन सील खराब करण्यात अर्थ नव्हता. गाळणी काढून धुतली, तिच्यावर जुन्या पॅकिंगचे तुकडे आणि सिलिकॉनचे गोळे चिकटलेले. कोणीतरी मागं हात सैल सोडून सिलिकॉन फासलेलं असणार, ते आत पडून गाळणीत जातं.

सगळं झाल्यावर मोकळी लिफ्ट आठ-दहा वेळा वरखाली केली, हवा निघून गेली, लिफ्ट खाली ठेवून ऑइलची पातळी परत बघितली. मग रोटर जोडला, वर उचलला, इंजिन बंद केलं, खडूनं खूण करून जेवायला गेलो. तासाभरानं येऊन बघितलं तर खुणेपासून बोटभर खाली. एवढं चालतं. आज चार महिन्यांनी परत खडू लावून बघितलं, तेवढंच.

पाचपैकी चार. किटमधली एक बारकी ओरिंग मात्र कुठंच बसली नाही, विकणाऱ्याला मेसेज करून विचारलं ही कुठली, तर उत्तर आलं, "एक्स्ट्रा असेल सर." पडवीत खिळ्याला टांगून ठेवली आहे.