सांगलीत मानेसाठी कायरोप्रॅक्टर: विश्रामबागच्या क्लिनिकचा माझा अनुभव

विश्रामबागला मेन रोडपासून जरा आत पहिल्या मजल्यावर एक कायरोप्रॅक्टिक (हातानं दाबून, ताण किंवा झटका देऊन मणका आणि सांधे मोकळे करायची पद्धत) क्लिनिक आहे, मी मानेसाठी तिथं जातोय. सांगलीत असं कोणी आहे का आणि मान मोडून घेणं कितपत सेफ, असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितो.

मी मार्केट यार्डात अडत दुकानात कामाला आहे, हळदीचे सौदे सुरू झाले की दिवसभर कॉम्प्युटरवर पट्ट्या करायच्या आणि फोन कायम खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. डावीकडं मान वळायचीच बंद झालेली, गाडी रिव्हर्स घ्यायची तर अख्खं कमरेतनं वळायला लागायचं, रात्री कूस बदलली की खांद्यापर्यंत चमक जायची. बाम, शेक, गोळ्या सगळं चालू होतं पण तेवढ्यापुरतंच बरं वाटायचं.

इथलं मला सगळ्यात पटलं ते म्हणजे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मानेला झटका दिलाच नाही. ते मूळचे फिजिओथेरपिस्ट, बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री केलेले, त्यावर कायरोप्रॅक्टिकचं ट्रेनिंग घेतलंय, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. आधी नुसते प्रश्न, कधी पडलाय का, चक्कर येते का, बीपी आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, हाताला मुंग्या येतात का. मग डोकं एका बाजूला कलवून वरनं हळूच दाबलं आणि कळ हातात उतरते का विचारलं, दोन्ही हातांनी त्यांची बोटं आवळायला लावली, कोपराजवळ हातोडी मारून बघितली. बाहेर बसलेले एक काका वैतागले एवढा वेळ गेला यात, पण मला हेच आवडलं. यूट्यूब बघून येणाऱ्यांना नुसता कडकड आवाज पाहिजे असतो, आणि तो आवाज काय हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा असतो. आवाज नाही आला तरी चालतं. मणका सरकलाय, गॅप पडलाय असं घाबरवणंही नाही, स्नायू धरलेत आणि सांधे आखडलेत एवढंच साध्या भाषेत सांगितलं.

उपचार म्हणाल तर पालथं झोपवतात, टेबलाचा एक भाग थोडा वर उचललेला असतो, पाठीवर हातानं दाबलं की तो खटकन खाली बसतो, आवाज मोठा पण लागत काही नाही. मानेला मात्र हळूहळू ताण देऊन वळवतात, झटका क्वचितच आणि तोही विचारून. पहिल्या सीटिंगनंतर मान चांगलीच ठणकत होती, एकदोन दिवस असं होतं हे आधीच सांगितलेलं. आता मान पूर्ण वळते, जास्त वेळ बसलो तर ओढल्यासारखी होते. यातलं निम्मं श्रेय मी व्यायामाला देईन, हनुवटी मागं ओढून धरायची, खांद्याची पाती एकमेकांकडं आणायची, हे त्यांनी माझ्याच मोबाईलवर शूट करून दिलं. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, ते दिवसभर पुढं झुकवून बसल्यावर मानेचं काय होणार, म्हणून दुकानात स्क्रीन आता जुन्या खातेवह्यांवर चढवून डोळ्यासमोर आणलाय.

माझा विश्वास खरा बसला तो मावशीमुळं. तिची पण मान दुखत होती म्हणून घेऊन गेलो. तिच्या हातातनं भांडी निसटायची, ब्लाउजचे हुक लागेनात, चालताना तोल जायचा. डॉक्टरांनी हे ऐकलं, तपासलं आणि मानेला हातच लावला नाही, लगेच मिरजेला स्पाइनच्या डॉक्टरांकडं जाऊन एमआरआय काढा म्हणाले, फी पण घेतली नाही. मज्जारज्जूवर, म्हणजे मणक्यातनं जाणाऱ्या मुख्य नसेवर, दाब निघाला. अशा मानेला कोणी झटका दिला असता तर काय झालं असतं, विचार करवत नाही.

म्हणून सांगतो, केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान दोन्हीकडं कडाकड मोडतात ते अजिबात करून घेऊ नका. मानेतनं मेंदूकडं रक्तवाहिन्या जातात, जोरात पिळलं तर आतलं अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि त्यातनं लकवा. फार क्वचित होतं, पण न तपासता कोणाच्या हातात मान का द्यायची? हाडं ठिसूळ असलेल्यांनी तर लांबच राहावं.

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी काढली, त्यांचा दावा होता की बहुतेक आजारांचं मूळ मणक्यातच असतं. इथं तसलं काही ऐकवत नाहीत, शुगरचं विचारणाऱ्या एकाला सरळ फिजिशियनकडं जा म्हणाले.

खटकलेलं म्हणजे रिसेप्शनवर पॅकेज घ्या म्हणून फार मागं लागतात, मी नको म्हणालो, एकेका सीटिंगचे पाचशे देतो. जिना उभा आहे, पाठ धरलेल्या माणसाला चढवत नाही, लिफ्ट नाही. पार्किंग रस्त्यावरच. बायकांसाठी लेडी फिजिओ आहेत, पण त्या फक्त सकाळी असतात. संध्याकाळी अपॉइंटमेंट असली तरी ताटकळावं लागतं, त्यामुळं सकाळचीच वेळ घ्या आणि जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, ते बघतात.