वेब सायन्सच्या मंडळात काही महिने: एका ऑनलाइन सेंटरवाल्याचा अनुभव

दारव्हा तालुक्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दिवसभर हेच. दिवाळीनंतर एका मित्राच्या ओळखीनं एका विद्यापीठातल्या वेब सायन्सच्या अनौपचारिक मंडळात शिरलो. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. आठवड्यातून एकदा रात्री व्हिडिओ कॉल, ठरलेला शोधनिबंध वाचून यायचं आणि बोलायचं.

वेबसाइट बनवायला शिकायचं असेल तर इथे येऊ नका. वेबमुळे माणसं कशी बदलतात आणि माणसांमुळे वेब कसं, हा इथला विषय. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठानं मिळून यासाठी संशोधन उपक्रम सुरू केला. वेबचा शोध लावणारे टिम बर्नर्स-ली आणि संगणकशास्त्रज्ञ वेंडी हॉल त्यात पुढे होते. संगणकवाले, समाजशास्त्रवाले, कायदेवाले एकत्र बसवायचे, ही मूळ कल्पना. आमच्यातही कायद्याची एक विद्यार्थिनी आहे. सगळ्यात जास्त भांडते तीच, आणि खरी मजा तिच्यामुळेच.

मला सगळ्यात भावला तो वेबची पानं एकमेकांना कशी जोडलेली आहेत यावरचा २००० सालचा निबंध. त्यात सुमारे २० कोटी पानं आणि दीडशे कोटी लिंक तपासल्या होत्या. मधे एक गाभा, तिथल्या कुठल्याही पानावरून गाभ्यातल्या दुसऱ्या पानावर जाता येतं. काही पानं गाभ्याकडे नेतात पण तिकडून त्यांच्याकडे कोणी येत नाही, काहींचं याच्या उलट. कोणतीही दोन पानं उचलली तर चारपैकी तीन वेळा एकावरून दुसऱ्यावर जायला वाटच नाही! मी म्हटलं, आमच्याकडे कापसाचा भाव तर वेबच्या पानावरही येत नाही. बाजारातल्या भावाच्या फळ्याचा फोटो काढून कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतो, तो गावभर फिरतो. त्याला ना लिंक, ना पत्ता, सर्चमध्ये तो सापडणार कसा? त्या रात्री कॉल बराच लांबला.

मग ठरलं, हे फोटो जमवून पाहायचे: भाव गावात किती वेळात पोचतो, जुना फोटो किती दिवस फिरत राहतो. कायदेवाल्या ताईनं तिथेच अडवलं. ग्रुपमधल्या लोकांना विचारलं का? फोन नंबर कोण झाकणार? फोटोत अडत्याचं नाव दिसतं, त्याचं काय? ग्रुपवर सगळ्यांना दिसतं म्हणून ते उचलायला मोकळं होत नाही, हे तिनं धरूनच ठेवलं. आता ग्रुपवर आधी सांगतो, जो हो म्हणेल त्याचाच फोटो घेतो, आणि नावनंबर झाकूनच वहीत नोंद करतो. काम हळू चालतं. पण आमचे काका लोक स्वतःहून ‘हा घे, आजचा भाव’ म्हणून पाठवायला लागले, ते यामुळेच.

खटकतं तेही सांगतो. बोलणं बहुतेक इंग्रजीत, तेही भरधाव. मराठीत विचारलं तर कोणी तोंड वाकडं करत नाही, पण उत्तर इंग्रजीतच येतं. वेळ रात्री नऊची, आणि नेमकी तेव्हाच आमची लाइन जाते. मोबाइल डेटावर व्हिडिओ बंद ठेवून नुसतं ऐकावं लागतं. रेकॉर्डिंग ठेवतो म्हणतात, ठेवत नाहीत. विद्यापीठाची परीक्षा आली की मंडळ गपगार. आणि निबंध न वाचताच कॉलवर येणारे चार-दोन जण असतातच, बोलतात मात्र तेच जास्त.

नोकरीसाठी कागद हवा असेल तर वेळ घालवू नका. पण तुमच्या गावचा, दुकानाचा, शाळेचा एखादा प्रश्न मनात घोळत असेल तर जरूर जा, आणि गप्प बसू नका, पहिल्याच कॉलला तो मांडा. इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं. माझंही तसंच आहे. निबंध आदल्या दिवशीच, लाइन असताना, डाउनलोड करून ठेवा.