ईएएसआय प्रश्नावली: ज्येष्ठांनी स्वतः भरून बघण्यासारखी

ईएएसआय म्हणजे एल्डर अब्यूज सस्पिशन इंडेक्स, म्हाताऱ्या माणसाचा छळ होत असल्याचा संशय येतो का ते बघायची प्रश्नावली. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका डॉक्टरबाईंनी मराठी करून आणली होती म्हणून भरली. मूळची कॅनडातल्या मॉन्ट्रियलची, २००८ ची. डॉक्टरनी पेशंटला पटकन विचारायचे सहा प्रश्न, गेल्या १२ महिन्यांबद्दल, आणि आपलं आपण भरायची आवृत्ती नंतर निघाली.

जमलेली गोष्ट अशी की "तुमचा छळ होतो का" असं थेट विचारत नाहीत. तसं विचारलं तर आपल्याकडे सगळे नाहीच म्हणणार, पोटच्या पोराची अब्रू कोण वेशीला टांगणार हो. इथे विचारतात की जेवण, औषधं, चष्मा, कानाचं मशीन कोणी मिळू दिलं नाही का, भेटायचंय त्यांना भेटू दिलं नाही का, लाज वाटेल किंवा धाक बसेल असं कोणी बोललं का, मनाविरुद्ध सह्या घेतल्या का, पैसे वापरले का, कोणी मारलं, नको तिथे हात लावला का. शेजारच्या काकू कानाच्या मशीनवर अडल्या, म्हणे सेल कधीचा संपलाय, रोज सांगते, आणतो आणतो करतात, ह्याला हो लिहू का नाही? आणि पेन्शनचं एटीएम कार्ड पिनसकट मुलाकडे, ते कशात धरायचं? हो-नाहीच्या चौकटीत हे बसतच नाही, शेजारी एक ओळ लिहायला जागा हवी होती.

पहिला प्रश्न आंघोळ, बाजारहाट, बँक ह्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहात का असा आहे, तिथे हो आलं म्हणून दचकू नका, तो संशयात धरत नाहीत. पुढच्यांपैकी एकालाही हो आलं तर मात्र कोणाशी तरी बोलायचं. सहावा प्रश्न डॉक्टरनी स्वतः बघून भरायचा, पेशंट नजर चुकवतो का, अंगावर वळ आहेत का, घरी भरताना तो गळतो आणि तिथे फॉर्म लंगडा पडतो, कारण आपण लोक तोंडाने सगळं छानच सांगतो. विस्मरण सुरू झालेल्यांसाठी हा नाहीच.

आणि प्लीज, सुनेला वाचायला लावून भरू नका, काय उपयोग मग! आमच्यातल्या एका आजोबांनी मुलासमोर बसून भरला, सगळीकडे नाही.

स्टार चार. एक कापला कारण हो आल्यावर फोन कुठे करायचा ते आमच्या कागदावर छापलंच नव्हतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन एल्डरलाइन १४५६७, फुकट आहे, पेनने लिहून घ्या. सांभाळायच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलंत आणि तो बघत नसेल तर आईवडील आणि ज्येष्ठांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं, हेही तिथेच लिहा.