मखर, चौरंग, देव्हारा: सीएनसी राउटर घ्यावा की लेझर?

दोन्ही मशीन संगणकाच्या फाइलवरून चालतात; राउटर फिरत्या पात्याने कापतो, लेझर प्रकाशाच्या किरणाने. आधी एक सांगा, डोक्यात जी वस्तू घोळते आहे तिची जाडी किती? तीन मिलिमीटर एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) जाळी करायची असेल तर एक मशीन, अठरा मिलिमीटर प्लायचा चौरंग करायचा असेल तर दुसरं. किंमत, जागा, शिकायला लागणारा वेळ हे सगळं त्यानंतर. मशीन विकणारा मात्र चर्चा हप्त्यापासून सुरू करतो.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि घरगुती गणपतीसाठी लाकडी, एमडीएफच्या मखरांना दिवस आले. सुटं करून माळ्यावर टाकायचं, पुढच्या वर्षी पुन्हा जोडायचं. हे काम दोन्ही मशीनवर होतं, म्हणूनच घोळ होतो.

लेझरची बाजू आधी घेऊ. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीचा) लेझर उष्णतेने कापतो. किरण इतका बारीक की महिरपीतला मोर, आकाशकंदिलाची नक्षी, जाळीचे आतले कोपरे सगळं टोकदार निघतं. ८० ते १०० वॉटची नळी तीन मिलिमीटरचा एमडीएफ सहज कापते, सहाचाही एका फेरीत जातो. त्यापुढे वेग पडतो आणि कड काळी होते. रंग देणार असाल तर काळी कड झाकली जाते. सागवानाला पॉलिश करायचं असेल तर ती घासत बसावं लागतं. प्लायमध्ये आतल्या थरात गाठ किंवा गोंदाचा गठ्ठा आला की किरण तिथेच अडतो, आणि शीट उचलल्यावर कळतं की चार ठिकाणी सुटलेलंच नाही. पाण्याला टिकणारा आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय फिनॉलिक गोंदाचा असतो, त्याच्यापुढे तर लेझर हात टेकतो.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. मखरवाले सर्रास वापरतात ती पीव्हीसी फोमशीट लेझरवर कधीही टाकायची नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. फुप्फुसाचं नुकसान होतं आणि मशीनही गंजतं. राउटरवर तीच शीट लोण्यासारखी कापली जाते.

आता राउटर. स्पिंडल, म्हणजे बिट धरून फिरवणारी मोटर, मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत फिरते आणि बिट, म्हणजे कापणारं पातं, लाकूड खात पुढे सरकतं. जाडीची भीती नाही, थर थर करून उतरायचं. खरा फायदा वेगळाच आहे: राउटर हव्या त्या खोलीवर थांबतो. फळीत नऊ मिलिमीटर खोल खोबण पाडायची, देव्हाऱ्याच्या खांबाला खाच द्यायची, दारावर गणपती उठावात कोरायचा, ही कामं लेझरकडून नीट होत नाहीत. फर्निचर म्हणजे खाचा आणि जोड, त्यामुळे तिथे स्पर्धाच नाही.

पण उठावाच्या कामाला लागणारा वेळ आधी समजून घ्या. एक फूट बाय एक फूट, म्हणजे साधारण ३०० बाय ३०० मिलिमीटरचं कोरीव काम गोल तोंडाच्या बिटने ०.३ मिलिमीटरच्या अंतराने करायचं ठरवलं, तर हजार ओळी होतात. प्रत्येक ओळ ३०० मिलिमीटर, एकूण ३०० मीटर. मिनिटाला तीन मीटर वेग धरला तरी शंभर मिनिटं गेली, आणि यात आधीचा मोठा माल काढायची फेरी धरलेलीच नाही. गिऱ्हाईक दर विचारतं तेव्हा हा हिशेब तोंडपाठ हवा.

राउटरची अडचण कोपऱ्यात आहे. तीन मिलिमीटरचा बिट आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतोच. खाचेत फळी बसवायची तर कोपऱ्यात थोडं जादा भोक द्यावं लागतं, नाहीतर पटाशी हातात घ्यावी लागते. बारीक जाळीत हे जाणवतं. आवाज आणि भुसा वेगळेच; धूळ ओढणाऱ्या यंत्राशिवाय एमडीएफ कापू नका, आणि पेठेतल्या गल्लीत रात्री मशीन लावाल तर शेजारी दारात उभे राहतील. लेझरचा आवाज कमी, पण धूर बाहेर काढायची सोय हवीच. शिवाय मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही, लाकूड पेटतं.

जागेचं थोडक्यात: आठ बाय चार फुटी शीट अख्खी टाकायची तर १२२० बाय २४४० मिलिमीटरचा बेड आणि त्याभोवती फिरायला शेड लागते. दोन बाय तीन फुटी राउटरवर चौरंग, पाट, छोटा देव्हारा होतो, कपाटाची शटर होत नाहीत.

कोल्हापुरात माझा कल राउटरकडे झुकतो, आणि त्याचं कारण उद्यमनगर, म्हणजे इथली कारखान्यांची वसाहत, आहे. बेअरिंग, बॉलस्क्रू, गाईड, कपलिंग यांना हात लावणारा माणूस इथे लेथच्या जमान्यापासून आहे. स्पिंडल घरघरला तर कुणीतरी उघडून बघतो. लेझरची काचेची नळी दुरुस्त होत नाही. आयुष्य संपलं की नवीन मागवायची, आणि ती ऐन श्रावणात गेली तर मखराचा हंगाम हातचा गेला. दुसरं कारण हंगामाचंच. मखर आणि कंदील मिळून दोन-तीन महिन्यांचं काम. उरलेलं वर्ष देव्हारे, शटर, नावाच्या पाट्या यांच्यावर चालवायचं तर जाड माल कापता आला पाहिजे.

याला एक अपवाद आहे. फक्त जाळी, कंदील आणि ॲक्रिलिकचं काम करणार असाल, तर लेझरच घ्या. ॲक्रिलिकची कड लेझरवर काचेसारखी निघते, राउटरवर ती घासून चकाकवावी लागते.

आणि यंदा काहीच घेऊ नका, हाही पर्याय आहे. डिझाइन स्वतः काढा, डीएक्सएफ (दोन्ही मशीनला चालणाऱ्या रेखाचित्राची) फाइल करा, जाड भाग राउटरवाल्याकडे आणि जाळी लेझरवाल्याकडे जॉबवर्कला द्या. फाइल करण्याआधी शीट विकत आणा आणि तिची जाडी व्हर्नियरने मोजा. अठराचा म्हणून घेतलेला प्लाय बरोब्बर अठराच भरेल असं नाही, पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, आणि दोन हात रंग चढला की घट्ट बसणारी खाच अजिबात बसत नाही. त्यामुळे पूर्ण मखर कापायला देण्याआधी त्याच शीटच्या तुकड्यावर ०.१, ०.२, ०.३ मिलिमीटर सैल अशा तीन खाचा पाडून घ्या, तुकडा रंगवा, वाळू द्या आणि मग जोडून बघा.