‘नवी’ हार्ड डिस्क, २६ हजार तास चाललेली

घरी लिनक्स (विंडोजऐवजी वापरतात ती फुकट प्रणाली) वापरता आणि नेट बंद पडलं की दुकानातल्या माणसाला फोन लावता, तर हे वाचून ठेवा. मला नवी म्हणून ३,२०० रुपयांना दिलेली एक टीबीची हार्ड डिस्क आधीच २६,००० तासांच्या वर चालली होती. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे जवळपास तीन वर्षं ती कुठंतरी रात्रंदिवस फिरत होती. माझी चांगली डिस्क मात्र त्याच्याकडंच राहिली. आणि मुळात बिघाड होता एका केबलचा.

मी जुळे सोलापुरात राहते, टॉवेल-चादरीच्या कारखानदारांचे हिशेब घरूनच लिहिते. कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट आहे. मे महिन्यात लाइट सारखी ये-जा करत होती आणि अशाच एका दुपारी नेट गेलं. राउटरवरचा पॉनचा, म्हणजे फायबरची लाइन चालू असल्याचा, दिवा हिरवा, मोबाइलला वायफाय मिळत होतं. लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल असता तर फायबरची भानगड. इथं घोळ राउटर ते कॉम्प्युटर एवढ्याच अंतरात होता. जीएसटीची २० तारीख तोंडावर आलेली, म्हणून माणूस बोलावला.

त्यानं स्क्रीन बघितली आणि लगेच निदान केलं. “लिनक्स आहे ओ मॅडम, ह्याला ड्रायव्हरच नसतात.” थोड्या वेळानं नेटच्या केबलच्या खाचेबद्दल, “लाइटीमुळं पोर्ट जळालंय. हार्ड डिस्क पण आवाज करायलीय बघा.” सीपीयू उचलून दुकानात नेला. संध्याकाळी फोन आला, डिस्क गेली, डेटा पण गेला. बॅकअप माझ्याकडं वेगळा होता, त्यामुळं काम अडलं नाही. सीपीयू परत आला तो विना-लायसन्सचं विंडोज, ‘नवी’ डिस्क आणि यूएसबीत खुपसायचा ९०० रुपयांचा वायफाय डोंगल घेऊन. जुनी डिस्क मागितली तर म्हणे, “ती कंपनीला जमा करावी लागती.” बिल मागितलं तर, “बिल पाहिजे असलं तर १८ टक्के वर पडतील की.” हे त्यानं जीएसटीचे रिटर्न भरून पोट भरणाऱ्या बाईला ऐकवलं!

रात्री मिंटच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (डिस्कवरचं विंडोज न वापरता) कॉम्प्युटर चालू केला आणि ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्क तपासायच्या कमांडनं तिची कुंडली काढली. ‘पॉवर ऑन अवर्स’समोर २६ हजारांच्या वरचा आकडा. त्याहून बोलकी होती ‘पॉवर सायकल काउंट’ची ओळ: ५८. घरातला कॉम्प्युटर रोज चालू-बंद होतो, आमच्याकडं उन्हाळ्यात तर लाइटच त्याला दिवसातून दोनदा झोपवते. तीन वर्षांत फक्त ५८ वेळा बंद झालेली डिस्क घरातली असूच शकत नाही. मॉडेल नंबर शोधला, तर तो सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरसाठी बनवलेल्या मालिकेतला निघाला. लेबलवरची तारीख नखानं खरवडलेली. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (बिघडले म्हणून बाजूला टाकलेले भाग) हेही शंभरावर, म्हणजे डिस्क खराब व्हायला लागलेलीच.

टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, भीती वाटत असेल तर मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅमच्या मेनूतही डिस्कची हीच माहिती (स्मार्ट डेटा) दिसते. तासांचा आकडा शून्य दिसला म्हणून मात्र खूश होऊ नका, तो पुसताही येतो. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क असे तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वापराची वेगळी नोंद असते, स्मार्टसीटीएलच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी किती उरली तेही कळतं.

आता ते ‘जळालेलं’ पोर्ट. ‘एलएसपीसीआय’ या कमांडमध्ये लॅन कार्ड (केबलनं नेट घेणारा पार्ट) व्यवस्थित दिसत होतं. केबलची जोडणी तपासणारं ‘ईथटूल’ म्हणत होतं, लिंक डिटेक्टेड: नो. मुलाच्या लॅपटॉपची केबल त्याच पोर्टात खुपसली तर येस, वर स्पीड १००० एमबीपीएस. जुनी केबल सरकत्या खिडकीच्या पट्टीत चेपून तुटली होती. नवी केबल दोनशे रुपयांत आली. डोंगलच्या पाकिटावर १२०० चा स्पीड छापलाय, पण ‘एलएसयूएसबी’ या कमांडमध्ये निघाली रिअलटेकची ८१८८ जातीची चिप. तिची धाव १५० पर्यंतच, तीही २.४ गिगाहर्ट्झवर.

पोर्ट बघायला कुणाला तुमची डिस्क लागत नाही. दोन स्क्रू आणि दोन वायरी काढल्या की ती सुटते. ती घरी ठेवा आणि मगच सीपीयू द्या. डिस्कच द्यायची वेळ आली तर आधी सिरियल नंबरचा फोटो काढा (‘स्मार्टसीटीएल’मध्येच असतो, रॅमचा ‘डीएमआयडीकोड’ या कमांडमध्ये), आणि बदललेला पार्ट परत हवा हे व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा. ‘कंपनीला जमा’ हे वॉरंटीतल्या पार्टबद्दल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं म्हटलं तर समजू शकतं. गल्लीतल्या दुकानदारानं म्हटलं तर समजून जा.

मी पैसे यूपीआयनं दिले होते आणि नोटमध्ये ‘नवी हार्ड डिस्क, डोंगल’ लिहिलं होतं. बिल नसताना तेच कामाला आलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे; वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

तक्रार पोचल्यावर दुकानदाराचा फोन आला, “ताई, पैसे घ्या न् मिटवा.” पण जुन्या डिस्कवर कारखानदारांचे पॅन, बँकेचे उतारे, पोर्टलचे पासवर्ड आहेत. पासवर्ड सगळे बदलले, ज्यांचे कागद होते त्यांना फोन करून सांगितलं. डिस्कचं विचारलं की “भंगारात गेली” म्हणतो. तक्रारीत मी पैशांच्या आधी तीच मागितली आहे, सिरियल नंबरासकट.