नॉन-कम्पिट, बॉण्ड की नुसता शब्द?

पोराला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) शिकवायचं आपण आणि हात बसला की तो पलीकडच्या गाळ्यात, हे भोसरीत कुणाला सांगायला नको. प्रश्न एवढाच की त्याला घेताना काय ठरवायचं: नॉन-कम्पिट, म्हणजे स्पर्धकाकडे तेच काम करायचं नाही अशी लेखी अट, बॉण्ड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर ठरलेली रक्कम, की नुसता तोंडी शब्द. मी तिन्ही करून पाहिलंय, वकील नाहीये, त्यामुळे आपापल्या वकिलाला विचाराच.

तोंडी ठरावाचं पटकन सांगतो. कायद्याने तोंडी करार चालतो, पण सिद्ध कसा करणार? बोलणं झालेलं असतं मशीनपाशी, साक्षीदार कोण तर त्याच्याच शिफ्टमधला दोस्त, तो कशाला माझ्या बाजूने कोर्टात उभा राहतोय. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज असतील तर बरं, पण ते पुराव्यात द्यायचे म्हणजे वेगळं सर्टिफिकेट जोडा.

नॉन-कम्पिट वाचायला एकदम भारी वाटतं. आणि नोकरी चालू असेपर्यंत त्यात दमही आहे, १९६७ च्या गोलिकरी केसमध्ये सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या रेयॉन प्लांटमधला माणूस ५ वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातल्या कोट्याच्या कंपनीत गेला तर सुप्रीम कोर्टाने त्याला उरलेल्या मुदतीपुरतं अडवलंच. पण करार संपला की कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं सेक्शन २७ आडवं येतं, कुणाला कामधंदा करण्यापासून अडवणारा करार ते रद्द धरतं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची २००६ ची केस बघा, मॅनेजमेंट कंपनीची अट होती की करार संपल्यावर पुढची ऑफर आधी आम्हाला दाखव, तीही टिकली नाही.

माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. माणूस गेल्यावर तो नक्की कुठे लागला, तेच काम करतोय का, हे शोधत आपणच फिरायचं. टूलिंगवाल्याला विचार, हीट ट्रीटमेंटवाल्याला विचार, एक कस्टमर तर तोंडावर म्हणाला, शेठ, पोरगा एवढा चांगला होता तर पगार वाढवायचा ना. एवढं करून नोटीस पाठवली तर उत्तर आलं एका पानाचं, त्यात अर्धं पान सेक्शन २७.

बॉण्डमध्ये ही पळापळ नाही. तो कुठे का जाईना, मुदतीआधी गेला तर ठरलेली रक्कम द्यायची, बस्स. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ३ वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख ही अट मान्य केली. आता ती सरकारी बँक, तिच्या भरतीचा खर्च आणि व्याप वेगळा, आपण ८-१० माणसांच्या टूलरूमने तोच आकडा छापला तर सेक्शन ७४ खाली कोर्ट वाजवी तेवढंच देईल. म्हणून मी कॅमच्या (मशीनचा प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) कोर्सची फी धरतो, बिलाची झेरॉक्स बॉण्डलाच जोडतो, मुदत एकच वर्ष. काही पोरं आकडा बघून येत नाहीत, चालायचंच. ड्रॉइंग बाहेर न नेण्याची अट मात्र वेगळी लिहून घेतो, बॉण्डने ते काम होत नाही.

आणि हो, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घ्यायची आयडिया कुणी दिली तर त्या भानगडीत पडू नका.