बर्गनच्या पावसात दहा महिने: जॅकेट, पँट, बूट आणि मोडलेल्या छत्र्या

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये वर्षाला साधारण २,४०० मिमी पाऊस पडतो. मुंबईतही जवळपास तेवढाच पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. बर्गनमध्ये तो बाराही महिने रिपरिपत असतो. समुद्रावरून आलेली दमट हवा शहराभोवतीच्या डोंगरांना अडून वर चढते, गार होते आणि तिथेच रिकामी होते. २००६च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७च्या जानेवारीपर्यंत इथे सलग ८५ दिवस पाऊस झाला होता. मुंबईत भिजलं तरी अंग गारठत नाही. इथे हिवाळ्यात तीन-चार अंशांत ओली जीन्स घालून अर्धा तास चाललं की मांड्या बधिर होतात. म्हणून हा आढावा सप्टेंबर ते जून वापरलेल्या कपड्यांचा.

आधी छत्री. घेऊ नका. बंदरावरचा वारा गल्लीच्या तोंडाशी दिशा बदलतो, पाऊस आडवा येतो आणि छत्री उलटते. वादळी दिवशी कचऱ्याच्या डब्यांतून काड्या डोकावत असतात. पाँचोचं, म्हणजे डोक्यातून घालायच्या सैल पावसाळी झग्याचंही तेच. आपलं इरलं चालतं, कारण लावणी करताना पाठ वाकलेली असते. इथे उभ्याने चालताना वारा खालून शिरतो.

जॅकेट तीन थरांचं, मेम्ब्रेनचं (पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा), २०,००० मिमी रेटिंगचं, म्हणजे कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब झेलतं. पाणी मेम्ब्रेनमधून कधीच आलं नाही, तरी आतला शर्ट ओला होत होताच. कारण साधं आहे. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो. तो शाबूत असतो तोवर थेंब मोत्यासारखे घरंगळतात. लेप गेला की कापड पाणी पितं, वर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ शकत नाही. ती आतच गार होऊन थेंब धरते, आणि आपण म्हणतो जॅकेट गळतंय. लेप आधी जातो तो खांद्यांवर, सॅकच्या पट्ट्यांखाली आणि मनगटांशी. साधारण तिसऱ्या महिन्यात खांदे काळपट ओले दिसू लागले.

उपाय: अशा कपड्यांसाठी मिळणाऱ्या द्रव साबणात धुवा; फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. दोनदा खळबळा, वाळवा, मग लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं फिरवा. उष्णतेने उरलेला लेप पुन्हा उभा राहतो. तरीही थेंब घरंगळत नसतील तर फवाऱ्याचा नवा लेप द्यायचा. घाम आणि तेल साचू दिलं तर शिवणीवरची टेप सुटते; इथे नवव्या महिन्यात डाव्या खांद्याखाली दोन बोटं टेप उचलली गेली. लोक धुवायला घाबरतात, पण जॅकेट न धुतल्यानेच जास्त खराब होतं.

जॅकेटला जोडलेली टोपी बाकी जॅकेटपेक्षा महत्त्वाची. पुढे कडक झाप आणि मागे आवळायची दोरी हवी, म्हणजे मान वळवली की टोपीही वळते. नाहीतर रस्ता ओलांडताना नुसतं अस्तर दिसतं. चष्मेवाल्यांनी आत झापवाली कॅप घालावी.

पावसाळी पँट बुटांच्या वरून सोडा. बुटात खोचली तर पाणी थेट मोज्यात. बाजूला लांब चेन असलेली घ्या, बूट न काढता चढवता येते.

बुटांचा खरा कस ब्रिगेनमध्ये, बंदरावरच्या जुन्या वस्तीत लागतो. १७०२च्या आगीनंतर पुन्हा उभारलेल्या त्या लाकडी वखारींमधल्या बोळांत जमीनही फळ्यांची आहे. दोन्ही बाजूंच्या पागोळ्या मधोमध पडतात, फळ्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर. ट्रेकिंगच्या बुटांचे खोल दात इथे निरुपयोगी ठरतात, कारण कडक रबर गुळगुळीत लाकडावर पकडच घेत नाही. मऊ रबराचा, सपाट टेकणारा तळ बरा. फ्लॉयेनच्या डोंगरावर रेल्वेने जाऊन चालत उतरायचं असेल तर मात्र दात हवेतच. सुमारे ३०० मीटर उतार आहे आणि ओली पानं पडलेली असतात. चालत चढणार असाल तर जॅकेटखाली पातळ लोकरीचा एकच थर ठेवा आणि काखेच्या चेन घाम यायच्या आधीच उघडा.

मोजे लोकरीचे, जोडी जास्तीची. कुणाच्या घरी गेलं की बूट दारातच निघतात, म्हणून फाटका मोजा चालत नाही. ओले बूट हीटरवर ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. आतलं इनसोल काढा, वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने कागद बदला. न्हाणीघराची फरशी गरम असेल, आणि इथे बहुतेक घरांत असते, तर रात्री तिथेच ठेवा. सकाळी कोरडे मिळतात.

अंदाजासाठी यर हे नॉर्वेचं हवामान ॲप पुरेसं आहे. ढगाचं चित्र पाहू नका, ते रोजच असतं. तासागणिक मिलिमीटरचा आकडा पाहा. ०.२ म्हणजे भुरभुर, कॅमेरा बाहेर काढता येतो. २च्या वर गेला तर ती वेळ संग्रहालयाला द्या. कॅमेरा गरम कॅफेत नेण्याआधी पिशवीत बंद करा आणि अर्धा तास तसाच ठेवा, नाहीतर काचेवर धुकं धरतं. फोनचा पडदाही ओल्या बोटांना दाद देत नाही. ट्रामचं तिकीट थांब्याच्या छपराखाली उभं असतानाच काढून ठेवा.